टाकी कंपनीची, पेट्रोल डीलरचं, मग पाणी कोणाचं?

उत्तर गोव्यातल्या एका पेट्रोल पंपाची ही हकीकत. तालुका, कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी या पंपाचे हिशेब पाहतो, म्हणजे मी तटस्थ नाही. वाचताना तेवढं लक्षात असू द्यावं.

पार्श्वभूमी

हमरस्त्याला लागून असलेला हा पंप पंचवीसेक वर्षांपूर्वी वडिलांनी घेतला. ते थकल्यावर कारभार मुलीकडे आला. कामगार तिला ताई म्हणतात, मीही तेच म्हणतो. जमीन घरची, पण कंपनीला भाडेपट्ट्याने दिलेली. जमिनीखालच्या टाक्या, पाइप आणि वर उभी असलेली यंत्रं कंपनीची. पेट्रोलियम नियम, 2002 खालचा साठवणुकीचा परवानाही कंपनीच्याच नावावर. टाकीतलं पेट्रोल तेवढं ताईचं. पैसे आधी भरल्याशिवाय टँकर वास्कोच्या डेपोतून हलत नाही, आणि पावतीवर सही झाली की माल डीलरचा. ही विभागणी कागदावर अगदी स्वच्छ दिसते. सगळा घोळ तिथेच झाला.

पंपवाला म्हणजे पैसेवाला, असा आपल्याकडे समज आहे. उलाढाल मोठी असते हे खरं, पण त्यातला स्वतःचा वाटा लिटरमागे ठरलेल्या कमिशनचा. 2017 नंतर ते कमिशन वाढलं ते थेट ऑक्टोबर 2024 मध्ये. पेट्रोलवर ते लिटरला चार रुपयांच्या आसपास धरा. ताईचा पेट्रोलचा खप महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजार लिटर, म्हणजे 4 लाख 80 हजार रुपये. त्यातून पगार, वीज, उडून जाणारं पेट्रोल, देखभाल. शिवाय पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट किमतीतच बसलेला असतो, आणि माल खराब झाला तर डीलरने भरलेला कर त्या मालाबरोबरच बुडतो.

अलीकडे दोन गोष्टी बदलल्या होत्या. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासून काढलेलं अल्कोहोल, 2022 पर्यंत जवळपास सगळीकडे आलं. फेब्रुवारी 2023 पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल यायला लागलं आणि हळूहळू तेच नेहमीचं झालं. दुसरा बदल पंपाच्या दारातला. रस्त्याचं रुंदीकरण झालं, त्यात रस्ता हात-दीड हात वर गेला आणि पंप खाली राहिला. जुन्या गटाराचं तोंड भरावात बुजलं. गोव्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो आता पंपाच्या आवारात उतरायला लागला.

मे महिन्यात, 19 तारखेला, ताईने कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवले. एकात टाकीच्या तोंडावरच्या चेंबरचं झाकण होतं, एका बाजूला वाकलेलं. दुसऱ्यात भरण-पाइपच्या टोपीतलं रबर, चिरलेलं. खाली लिहिलं होतं, ‘पावसाआधी बदलून मिळालं तर बरं.’ उत्तरादाखल एक अंगठा आणि ‘बघतो ताई’.

अडचण

चतुर्थीच्या आधीचा रविवार. शनिवारी संध्याकाळी टँकर येऊन आठ हजार लिटर पेट्रोल उतरवून गेला. टाकीत आधीचं 3,100 लिटर होतं. रात्रभर धो धो पाऊस. पहाटे आवारात घोट्याएवढं पाणी होतं, सहापर्यंत ओसरलं. साडेसहाला नेहमीप्रमाणे डिप घेतला, म्हणजे टाकीत गज घालून पातळी मोजली. गजाच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावली होती, तिचा रंग बदलला नाही. टाकीची पातळी आपोआप मोजणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे ऑटोमेशनच्या, पडद्यावरही पाण्याची पातळी शून्य. विक्री सुरू झाली.

9 वाजून 40 मिनिटांनी पहिली स्कूटर ढकलत परत आली. मुलगा म्हणाला, पेट्रोल भरून चौकापर्यंतही गेली नाही. कामगारांनी प्लग काढून पाहा म्हणून सांगितलं. दहा वाजता दुसरी. सव्वादहाला एक पायलट, म्हणजे आपला पिवळ्या-काळ्या मोटरसायकलचा भाडेवाला. तो ओळखीचा, रोजचा. तो काही न बोलता गाडी स्टँडवर लावून उभा राहिला. साडेदहापर्यंत पाच गाड्या. मोबदल्याचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता. चतुर्थीची गर्दी, गणपतीच्या सामानाला निघालेली माणसं आणि मागे रांग. ताई घरी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-फुलांच्या छताचं, सामान काढत होती. तिला फोन गेला 10:50 ला: ‘ताई, गाडयो बंद पडटात गो!’

पंपावरचा सगळ्यांत जुना कामगार म्हणजे आबा. त्याने ऑफिसमधली हुर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, रिकामी बाटली धुऊन पुसून घेतली आणि नोझलमधून अर्धी भरून खिडकीच्या उजेडात धरली. मिनिटभराने बाटलीत रेघ दिसायला लागली. वर पिवळसर पेट्रोल, खाली तांदळाच्या धुवणासारखं गढूळ काहीतरी. बाटली हलवली की रेघ मोडायची, ठेवली की परत तिथेच. आबाने वास घेतला, म्हणाला, ‘हे नुसतं पाणी नव्हे.’ आबाचं बरोबर होतं, कारण पुढे.

ताईने 11:05 ला नोझल बंद करायला लावलं. सकाळपासून 1,150 लिटर गेलं होतं. त्यातलं 640 लिटर पहिल्या तक्रारीनंतर.

आता पेस्ट आणि पडदा दोघेही गप्प का राहिले ते. साध्या पेट्रोलमध्ये शिरलेलं पाणी तळाला वेगळं बसतं आणि पेस्टला लगेच कळतं. इथेनॉल असलं की ते पाणी ओढून घेतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, वीस टक्क्यांत थोडं जास्त. तोवर काहीच दिसत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला जातं. म्हणजे शिरलेलं पाणी अर्धं पिंप असलं, तरी तळाचा थर त्याच्या कितीतरी पट जाड होतो आणि पंपाच्या शोषणाच्या तोंडापर्यंत चढतो. हा थर इथेनॉलने भरलेला असल्यामुळे नेहमीची पेस्ट त्यात धड रंग बदलत नाही. इथेनॉलवाल्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट लागते. ऑटोमेशनचा पाण्याचा तरंगोळा, म्हणजे पातळी दाखवणारा तरंगता गोळा, शुद्ध पाण्याच्या घनतेला बसवलेला असतो. हा थर पाण्यापेक्षा हलका, त्यामुळे तरंगोळा वर येतच नाही. पंपावर जुनीच पेस्ट होती. नवीन पेस्ट वापरायचं परिपत्रक ई-मेलने आलं होतं. ते मला नंतर न उघडलेल्या मेलमध्ये सापडलं.

दुपारपर्यंत एक व्हिडिओ फिरायला लागला. एका गॅरेजवाल्याने बाटलीत पेट्रोल आणि थोडं पाणी घालून हलवलं, खालचा थर वाढलेला दाखवला आणि म्हणाला, ‘बघा, किती पाणी मिसळतात!’ तो थर चांगल्या पेट्रोलचाही वाढला असता, कारण पाणी घातलं की इथेनॉल खाली उतरतंच. प्रयोगशाळेत इथेनॉल किती आहे ते ओळखायची ही साधी पद्धत आहे. पण गेटवर जमलेल्या साठ माणसांना हे समजावून सांगायची ती वेळ नव्हती.

समोरचे पर्याय

संध्याकाळी ऑफिसात ताई, आबा, मी आणि फोनवर म्हापशाचे वकील असे बसलो. तीन वाटा होत्या.

पहिली वाट ओळखीच्या एका पंपवाल्याने सुचवली होती. रात्री तळाचं उपसायचं, वरचं पेट्रोल चाळून घ्यायचं, सकाळी सुरू. उपसलेलं कुठे टाकायचं, तर मागे व्हाळ, म्हणजे ओढा, आहेच. पटकन होणारं, आणि चतुर्थीचा धंदाही वाचला असता. व्हाळाच्या खाली दोन शेतं आणि तीन घरांच्या विहिरी आहेत. जांभ्यातून पाणी कसं पळतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. 2024 मध्ये दाबोळीजवळ माटवे गावात विहिरींत पेट्रोलियम उतरल्याचं प्रकरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. कायद्यानेही टाकीच्या तळाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. शिवाय इथेनॉल गेलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे दर्जाचा आकडा, उतरतो. तेच वरचं पेट्रोल विकणं म्हणजे आज अपघाताने झालं ते उद्या जाणूनबुजून करणं. ताईने या वाटेवर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवला नाही. खरं सांगायचं तर मी पाच घालवली असती.

दुसरी वाट भांडणाची. टाकी कंपनीची, रबर कंपनीचं, मे महिन्यातला फोटो हातात. पत्रकारांना बोलवायचं आणि सगळं कंपनीवर ढकलायचं. यात मन मोकळं झालं असतं, पण करारात रोजची पाण्याची तपासणी डीलरच्या गळ्यात होती, आणि चुकीच्या पेस्टने केलेली तपासणी ही तपासणी धरतील का, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरी वाट: टाकीला सील, सगळ्यांना लेखी खबर, एकत्र नमुने, आणि गिऱ्हाइकाला आधी पैसे, वाद नंतर. वकिलांना यातला शेवटचा भाग पसंत नव्हता. ते म्हणाले, ‘पैसे देणं म्हणजे चूक कबूल करणं. उद्या कंपनी तोच कागद तुमच्यासमोर ठेवेल.’ ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात आहे. विक्रेत्याने माल तपासण्यात आणि सांभाळण्यात वाजवी काळजी घेतली नसेल तर तो स्वतः उत्पादक नसतानाही अडकतो. नेमकं तेच कलम आमच्या अंगावर येण्यासारखं होतं.

ताईचं म्हणणं वेगळं होतं. ‘ही माणसं रोज माझ्या दारातून जातात. कंपनी पणजीत, ग्राहक आयोग पणजीकडे. मी इथे.’

शेवटी मधला मार्ग निघाला. पैसे द्यायचे, पण पावतीवर ‘सदिच्छेपोटी, जबाबदारी मान्य न करता, आणि कंपनीकडून वसूल करण्याचा हक्क राखून’ हे वाक्य वकिलांनी लिहून दिलं. मराठीत लिहिलं, म्हणून लोकांनी वाचून सही केली.

काय केलं

रविवारी रात्रीच कंपनी, नागरी पुरवठा खातं आणि वजन-मापं खातं यांना ई-मेल गेले. सोमवारी कंपनीचा माणूस आणि निरीक्षक यांच्यासमोर टाकीचे नमुने अॅल्युमिनियमच्या डब्यांत सील झाले.

टँकर उतरवताना प्रत्येक कप्प्याचा नमुना काढून डीलरने ठेवायचा असतो. शनिवारी पावसात तो काढला होता का, यावर सगळं अवलंबून होतं. आबाने काढला होता. दोन डबे होते. एकावर टँकरचा नंबर, सीलचा नंबर, ड्रायव्हरची सही, सगळं व्यवस्थित. दुसऱ्याचं लेबल भिजून शाई पसरलेली, फक्त तारीख वाचता येत होती. कंपनीने दुसरा डबा लगेच नाकारला. पहिला घ्यावाच लागला. त्या एका डब्याने दोन गोष्टी ठरल्या. एक, माल डेपोतून चांगला आला होता, म्हणजे डेपोकडे बोट दाखवायचं आमचं दार बंद. दुसरी, बिघाड आमच्या आवारात आणि रात्रीच्या पावसात झाला, म्हणजे भेसळीचा संशयही त्याच डब्यात बंद.

तरीही आठव्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आलीच, आणि तिच्यात शब्द होता ‘भेसळ’. हा शब्द साधा नाही. भेसळ सिद्ध झाली तर डीलरशिप जाते, वर अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा. पाण्याने बिघडलेला माल ही वेगळी गोष्ट, तिची शिक्षा वेगळी. उत्तर लिहिताना आम्ही भावनेचं एक वाक्यही ठेवलं नाही. प्रयोगशाळेच्या अहवालातले आकडे मांडले: वरच्या थरात इथेनॉल उतरलेलं, पण शेवटचा उकळबिंदू 210 अंशांच्या मर्यादेत. रॉकेल किंवा तसलं जड काही मिसळलं असतं तर तो वर चढला असता. त्याला मे महिन्याचे फोटो जोडले, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रासह. फोन ताईचाच, संदेश पुसलेले नव्हते, हे नशीब. ताईला दर महिन्याला व्हॉट्सअॅप साफ करायची सवय आहे.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत क्यूआर कोडचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. क्यूआरवर आलेल्या पैशांच्या रविवारच्या यादीवरून कोणी किती वाजता किती रुपयांचं भरलं ते निघालं. एकूण 61 जण आले. 47 जणांचे दावे जुळले: 31 दुचाक्या, 16 चारचाकी. टाकी साफ करणं, फिल्टर, पेट्रोलचे पैसे, सगळं मिळून 1 लाख 86 हजार रुपये गेले. बाकीच्यांत एक गृहस्थ डिझेलची गाडी घेऊन आले होते. त्यांना चहा दिला.

टाकी कंपनीने मान्यता दिलेल्या एजन्सीकडून साफ करवली. तोवर पेट्रोलची विक्री नऊ दिवस बंद. चतुर्थी त्यातच गेली.

निष्पत्ती

भेसळीचा मुद्दा कंपनीने मागे घेतला. देखरेखीत कसूर म्हणून ताकीद आली आणि दंड झाला. चेंबर नवीन बांधलं, रस्त्याच्या पातळीपेक्षा वर. टोप्या, रबरं बदलली. हे सगळं कंपनीच्या खर्चाने आणि विलक्षण चपळाईने.

पैशांचं तसं झालं नाही. टाकीत 9,950 लिटर अडकलं होतं. लिटरला 96 रुपयांनी ते साडेनऊ लाखांचं, म्हणजे दोन महिन्यांचं अख्खं कमिशन. कंपनीने माल परत नेला, पाच महिन्यांनी 6 लाख 20 हजार खात्यात जमा केले. उरलेल्याबद्दल लवादाकडे जाता आलं असतं. करारातलं जुनं कलम म्हणतं की लवाद कंपनीचाच अधिकारी असेल. 2015 च्या दुरुस्तीनंतर लवाद कायद्याचं कलम 12(5) अशा नेमणुकीच्या आड येतं, म्हणजे बाहेरचा लवाद मिळण्याची शक्यता चांगली होती. ताई गेली नाही. ज्या कंपनीकडून रोज माल उचलायचा तिच्याशी सव्वातीन लाखांसाठी दोन वर्षं झगडायचं नाही, असं तिने ठरवलं. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही, पण पंप माझा नाही.

विमा कंपनीने दावा नाकारला. पूर आला असता तर दिला असता. ‘टाकी बुडाली नाही, पाणी झिरपलं’, आणि झिरपून माल दूषित होणं पॉलिसीत नाही.

एकच तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात गेली. भाड्याने गाड्या देणाऱ्याची. इंजिनचा इंधन पंप गेला म्हणून 38 हजार आणि वर तीन दिवसांचं बुकिंग. त्याच्याकडे सहा गाड्या. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, फक्त पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला सूट आहे. सहा गाड्या आणि दोन ड्रायव्हर हा स्वयंरोजगार का, यावर वकिलांना वाद घालायचा होता. तिसऱ्या तारखेला 45 हजारांवर मिटलं. वकील थोडे हिरमुसले.

रस्त्याच्या ठेकेदाराचं काय? गटार बुजवल्याबद्दल त्याला आणि खात्याला दोन पत्रं गेली. गटार उघडलं गेलं. पैशांचं उत्तर आलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडला तो 9:40 ते 11:05 हा वेळ. पहिली गाडी परत आल्यावर नोझल थांबवला असता तर 640 लिटर गेलं नसतं, आणि 47 पैकी निम्म्याहून जास्त गाड्या वाचल्या असत्या. पण विक्री थांबवायचा अधिकार कामगारांना नव्हता आणि ताईला फोन करून चतुर्थीच्या तयारीत त्रास कोण देणार? आता नियम आहे: दुसरी गाडी परत आली की जो ड्यूटीवर असेल त्याने बंद करायचं, विचारायचं नाही. मी म्हटलं पहिलीच का नाही. आबा म्हणाला, पहिल्याचा प्लग खराब असू शकतो.

मे महिन्यातला संदेश व्हॉट्सअॅपवर न पाठवता कंपनीच्या तक्रार पोर्टलवर टाकला असता तर क्रमांक मिळाला असता, आणि क्रमांकाला ‘बघतो ताई’ म्हणता येत नाही. उरलेले सव्वातीन लाखही मिळाले असते असं माझं मत आहे. वकिलांचं तसं नाही. त्यांच्या मते पेस्ट चुकीची होती तोवर कुठलाही क्रमांक पुरा पडला नसता. पेस्टबद्दल माझ्याकडेही सांगण्यासारखं काही नाही. ते परिपत्रक ज्या मेलवर आलं तो मेल हिशेबाच्या कामासाठी मीही बघत होतो. मी फक्त बिलं उघडायचो.

टँकर पावसात उतरवायचा की थांबवायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. थांबवला तर डेपोत फेरी चुकते, उतरवला तर उघड्या तोंडावर छत्री धरून उभं राहावं लागतं. सध्या छत्रीच आहे, मोठी, समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकवाल्याकडून घेतलेली.

त्या पायलटची गाडी चार दिवस बंद होती, तीही वर्षातल्या चांगल्या चार दिवसांत. ताईने मेकॅनिकचे पैसे दिले आणि दिवसाला 800 रुपयांप्रमाणे भाड्याचं नुकसानही पुढे केलं. त्याने मेकॅनिकचे घेतले, बाकीचे परत दिले. तेव्हापासून तो पेट्रोल पुढच्या पंपावर भरतो. आमच्याकडे येतो अजून, आठवड्यातून एकदा, हवा भरायला. आबाशी दोन शब्द बोलतो आणि जातो.